हाडांशी ओळख (लेखांक ४) : मान वळवणारा मणका

वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यापुढे मानेचे सातही मणके मिसळून ठेवले, तरी दुसरा मणका त्याला चटकन सापडतो. त्याच्या अंगातून साधारण दीड सेंटिमीटर उंचीचा हाडाचा सुळका सरळ वर आलेला असतो. वैद्यकात त्याला डेन्स म्हणतात, आणि मणक्याला अ‍ॅक्सिस.

गेल्या आठवड्यात पाहिलेल्या पहिल्या मणक्याला, म्हणजे अ‍ॅटलासला, स्वतःचं अंग नसतं. गर्भाच्या वाढीत ते दुसऱ्याच्या वाट्याला जातं आणि त्याचाच डेन्स बनतो. डेन्स आणि त्याखालचं अंग यांच्यामधला सांधा हाडाने पुरता भरायला मूल पाच-सहा वर्षांचं व्हावं लागतं. तोवर एक्स-रेमध्ये तिथे रेघ दिसते आणि ती फ्रॅक्चर वाटू शकते.

जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते, तसा अ‍ॅटलास कवटीला घेऊन डेन्सभोवती फिरतो. मान डावी-उजवी जितकी वळते, त्यातलं जवळपास निम्मं वळण या एकाच जागी घडतं. म्हणून या दोन मणक्यांमध्ये गादी नाही. डेन्सच्या पुढच्या बाजूला गुळगुळीत लंबगोल ठसा असतो, तिथे अ‍ॅटलासची कमान टेकते. मागच्या खाचेतून एक आडवा, चिवट अस्थिबंध जातो. त्याच्या लगेच मागे मज्जारज्जू!

अ‍ॅक्सिसचा मागचा काटा मात्र दांडगा, टोकाला दुभंगलेला. कवटीखाली मधोमध बोट सरकवत आलं की आधी खळगा लागतो आणि मग जे पहिलं टणक हाड लागतं, ते हेच.

या मणक्याचे वरचे सांधे पुढे आणि खालचे मागे असतात. दोहोंमधला अरुंद भाग जोराच्या धक्क्याने दोन्ही बाजूंनी तुटतो. त्याला हँगमन्स फ्रॅक्चर म्हणतात. म्हणून शिवारात झाडावरून किंवा विहिरीत पडलेल्या माणसाला काखेत धरून ओढू नये, बसवून पाणी पाजू नये. डोकं आणि धड एका रेषेत स्थिर धरावं आणि १०८ला फोन करावा. हे गावागावांत माहीत असायलाच हवं.

अ‍ॅटलास आणि अ‍ॅक्सिस हे दोन मणके एकमेकांवरून सरकले, तर ते जोडावे लागतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांत स्क्रू घालून ते पट्टीने बांधण्याची पद्धत १९९४मध्ये प्रसिद्ध केली. हार्म्स या शल्यचिकित्सकांनी २००१मध्ये तिचं सुधारित रूप मांडलं. आज ती दोघांच्या नावाने जगभर ओळखली जाते. अडचण असते रक्तवाहिनीची. मेंदूकडे जाणारी धमनी अ‍ॅक्सिसच्या बाजूच्या छिद्रातून बाहेरच्या अंगाला वळते आणि वरच्या सांध्याखाली हाडात खळगा करते. काहींमध्ये हा खळगा इतका खोल असतो की स्क्रूला पुरेसं हाडच उरत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅनवर दोन्ही बाजूंचे खळगे वेगवेगळे मोजतात आणि स्क्रूची वाट त्यानुसार बदलतात.