रस्त्याच्या टोकांचं राज्य

खारघरजवळ सायन-पनवेल महामार्गावर, टोलनाक्याच्या अलीकडे, संध्याकाळच्या गर्दीत कडेला उभं राहिलं की नजर एका गाडीवर ठेवू नये. ब्रेकच्या लाल दिव्यांवर ठेवावी. नाक्याशी एखादा कंटेनर ट्रेलर रेंगाळतो. मागची एसटी ब्रेक दाबते, तिच्यामागची कार, मग टेम्पो. वाहनं पनवेलकडे सरकत असतात आणि लाल पट्टा मात्र उलटा, बेलापूरकडे निघतो. त्याच्या पुढच्या टोकाची वाहनं सुटतात, मागच्या टोकाला नवी येऊन अडकतात. आतली वाहनं सतत बदलत असूनही पट्टा टिकून राहतो.

जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी 230 मीटर परिघाच्या वर्तुळावर 22 गाड्या फिरवल्या. सगळ्यांनी ताशी 30 किलोमीटरने जायचं, एवढीच सूचना. सिग्नल नाही, नाका नाही, खड्डा नाही. तरीही कोंडी झाली आणि ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने मागे सरकू लागली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण दर कोंडीला एखादा बेशिस्त चालक शोधायची आपली सवय त्याने मोडते.

विरळ, धावती वाहतूक घट्ट होऊन अडते, हे अवस्थांतरच. पण पाणी उकळण्यापेक्षा निराळं. पाणी कधी उकळेल हे तापमान आणि दाब ठरवतात. पातेल्याचा काठ कसा आहे याने फरक पडत नाही. रस्ता समतोलापासून फार दूर असतो. प्रत्येक इंजिन इंधन जाळतं, सगळे एकाच दिशेला जातात, प्रवाह अखंड चालू असतो. अशा व्यवस्थेत टोकं साऱ्या मधल्या भागाची अवस्था ठरवू शकतात. योआखिम क्रुग यांनी हे 1991 मध्ये दाखवलं.

त्यांचं प्रारूप अगदी साधं आहे. घरांची एक ओळ. पुढचं घर रिकामं असेल तरच कण पुढे उडी मारतो. एका टोकाने कण आत येतात, दुसऱ्याने बाहेर पडतात. येणं मंद, सुटणं जलद असेल तर सगळी ओळ विरळ. सुटणं मंदावलं की शेवटापासून सुरुवातीपर्यंत दाटी. दोन्ही टोकं जोरात चालली तर प्रवाह एका कमाल मर्यादेला पोचतो. मग टोकं आणखी मोकळी करूनही तो वाढत नाही. हे गणित मुळात 1968 मध्ये पेशींसाठी मांडलं गेलं होतं: आरएनएच्या धाग्यावरून प्रथिनं बनवत पुढे जाणारे रायबोसोमही असेच रांगेत अडकतात.

खरा महामार्ग अर्थात इतका सरळ नाही. मार्गिका अनेक, खारघरची वाहनं मध्येच येऊन मिळतात, पावसाळ्यात खड्डे पडतात. तरी नाक्याची सुटका आणि मागून येणारा ओघ बरोबरीत असतात तेव्हा प्रारूपातली सर्वांत विलक्षण गोष्ट इथे दिसते. कोंडीची शेपटी एका जागी ठरत नाही. ती पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. तिला ओढून धरणारं मध्ये काहीच नसतं. अशा वेळी मधला रस्ता रुंद केला तर उभं राहायला जागा वाढेल. तासाला किती वाहनं पार होतील, ते नाक्याची सुटकाच ठरवेल.