घरात फोन किती, नंबर कुणाचा?

सुरतहून हजिऱ्याकडे निघालं की वाटेत इच्छापोर लागतं. खानदेशातून आलेल्या एका कुटुंबाच्या भाड्याच्या खोलीत मी बसलो होतो. टीव्हीच्या फळीवर दोन फोन दिसत होते. एक दहावीतल्या मुलाचा, काच तडकलेला. दुसरा बटणांचा, आजीचा. तिसरा घरधन्याबरोबर कामावर गेलेला.

तेवढ्यात दारात सिलिंडर आला. सिलिंडर द्यायच्या आधी पोऱ्याने फोनवर आलेला कोड विचारला. बाईंनी नवऱ्याला फोन लावला, रिंग वाजत राहिली. नवरा कामाला आहे तिथल्या गॅस आणि पेट्रोलियमच्या धोकादायक भागात साधा मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे त्यांचा फोन पाळी सुटेपर्यंत गेटवरच असतो. कोड त्या फोनवर आला होता. पैसे हातात घेऊन बाई उभ्या होत्या आणि सिलिंडर परत गेला.

घरात माणसं चार, फोन तीन. तरीही जिला दिवसभर घर चालवायचं असतं, तिच्या नावाचा एकही नाही.

एके काळी आपण अर्जात शेजाऱ्याचा पी.पी. नंबर लिहायचो. निरोप यायचा, पण तो देणं न देणं शेजाऱ्याच्या हातात असायचं. आज अनेक घरांत बाईचा नंबर म्हणजे नवऱ्याचा पी.पी. नंबरच असतो. बँक, रेशन, आधार, दवाखाना, सगळीकडे तोच. ओटीपी त्याच्याकडे येतो आणि खात्यात पैसे जमा झाल्याचं आधी त्यालाच कळतं.

म्हणून ‘घरात फोन आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. 2011च्या जनगणनेने घराघरांची मोजणी केली, तेव्हा देशातल्या सुमारे 63 टक्के घरांत फोन होता. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने मात्र बायकांनाच विचारलं, तुम्ही स्वतः वापरता असा तुमचा मोबाइल आहे का? देशात सुमारे 54 टक्के जणी हो म्हणाल्या. महाराष्ट्रात 55 टक्क्यांच्या आसपास, गुजरातेत तर निम्म्याहूनही कमी. मुलांचीही तीच गत. शालेय शिक्षणाच्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या 2021च्या अहवालानुसार ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता, अशांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता.

मग घराला लागतात तरी किती? माझं मत स्पष्ट आहे. नंबर प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःचा हवा. महागडा फोन मात्र प्रत्येकाला नको. चौघांच्या घरात दोन स्मार्टफोन पुरतात, बाकीच्यांना बटणांचा चालतो. बँकेचा मेसेज आणि ओटीपी त्यावरही येतो.

खरा खर्च फोनचा नसून रिचार्जचा आहे. 28 दिवसांचा प्लॅन घेतला की वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. तीन फोन म्हणजे एकोणचाळीस. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला हा तेरावा महिना कळतही नाही आणि सोसतही नाही. डिसेंबर 2024मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने कंपन्यांना नुसत्या कॉल-मेसेजचे, डेटा नसलेले पॅकही ठेवायला सांगितलं. आजीच्या फोनला तसलाच पॅक मागून घ्यावा. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

परगावी राहणाऱ्यांची आणखी एक अडचण असते, ती म्हणजे गावाकडचं सिम. अमळनेर, नंदुरबारकडच्या बँकेत जोडलेला जुना नंबर डबीत पडून राहतो. तीन महिने काहीच वापर झाला नाही, तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिलाही जातो. बँकेत तोच नंबर राहिला, तर आपले मेसेज परक्याच्या हातात. म्हणून नंबर सोडण्याआधी बँकेत बदलून घ्या. शिवाय एका माणसाच्या नावावर बहुतेक राज्यांत नऊ सिम चालतात. आपल्या नावावर किती निघाली आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर बघता येतं आणि अनोळखी नंबर तिथूनच बंद करायला सांगता येतो. आधारची झेरॉक्स देऊन खोली आणि काम मिळवणाऱ्यांनी तर हे अवश्य बघावं.

महिनाभराने पुन्हा गेलो, तेव्हा फळीवर तिसरा फोन होता. बटणांचाच, पण सिम बाईंच्या नावाचं. गॅसचा नंबर त्यांनी बदलून घेतला होता, बँकेचा अर्ज भरून ठेवला होता. पहिला फोन कुणाला लावला, असं विचारलं. गावी आईला लावला म्हणाल्या.

“काय बोललात?”

“माय, हाऊ मना नंबर शे.”

आईने तो कॅलेंडरवर लिहून घेतला. आधी जावयाच्या नावापुढे लिहिला होता, मग खोडून लेकीचं नाव घातलं.