कोंबडीचं पोट, भाग ५ : जिवाणूंचा घास

मागच्या आठवड्यात आपण प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूच पक्ष्याला खाऊ घालण्याचा प्रकार पाहिला. आज प्रीबायोटिक. यात जिवंत काही नसतं. कोंबडीला न पचणाऱ्या, पण तिच्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना आवडणाऱ्या या शर्करेच्या साखळ्या.

ब्रॉयलरला याची गरज का पडावी? गावरान पिल्लू आईमागे उकिरडा उकरत फिरतं आणि तिच्या विष्ठेतले जिवाणू आपसूक त्याच्या पोटात जातात. हॅचरीतलं पिल्लू मशिनमध्ये जन्मतं, आई त्याला दिसतही नाही. त्याच्या आतड्यात पहिल्या दिवशी जवळजवळ कुणीच नसतं. जो आधी शिरेल, त्याची वस्ती. १९७१ मध्ये फिनलंडच्या ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला पसरला, तेव्हा नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला. त्या पिल्लांत साल्मोनेलाला जागा मिळेना. १९७३ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. चांगल्या जिवाणूंची वस्ती टिकवण्याच्या पुढच्या साऱ्या खटपटीला इथूनच जोर आला.

बाजारात मुख्यतः दोन जातीचे प्रीबायोटिक दिसतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत, हे विक्रेते फारसं सांगत नाहीत. पहिली जात इन्युलिन आणि फ्रुक्टोजच्या आखूड साखळ्यांची. इन्युलिन बहुधा चिकोरीच्या मुळांतून काढतात. लहान आतड्यात न पचता ते सीकममध्ये, म्हणजे लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरच्या दोन बंद पिशव्यांत पोचतं. तिथले जिवाणू ते आंबवतात. काही जिवाणू लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ल तयार करतात, ते वापरून दुसरे ब्युटिरिक आम्ल बनवतात, आणि ब्युटिरिक आम्लावर आतड्याच्या अस्तरातल्या पेशी पोसतात. सीकमची विष्ठा चिकट, चॉकलेटी आणि उग्र वासाची असते. नवे शेडवाले ती पाहून हगवणीचं औषध शोधायला निघतात. तो आजार नव्हे. फेसाळ, पिवळट झाली तर मात्र लक्ष द्यावं.

दुसरी जात मॅननची, म्हणजे मॅनोज या शर्करेच्या साखळ्यांची, यीस्टच्या पेशीभित्तीपासून काढलेली. ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या अनेक जाती आपल्या बारीक तंतूंनी आतड्याच्या अस्तरावरच्या मॅनोजला चिकटतात. खाद्यातच मॅनोज मिळालं की ते जंतू त्यालाच धरून विष्ठेवाटे बाहेर पडतात. इथे जिवाणूंना खाऊ घालण्यापेक्षा त्यांना चकवणं जास्त आहे.

युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं बंद केलं. आपल्याकडे २०१९ मध्ये कोंबड्यांसाठीच्या कोलिस्टिनवर बंदी आली. त्यानंतर प्रीबायोटिकची विक्री ‘अँटिबायोटिकला पर्याय’ म्हणून होऊ लागली. माझ्या मते हा दावा ताणलेला आहे. प्रीबायोटिक जंतू मारत नाही. रक्ती हगवण लागलेल्या शेडमध्ये ते घालून उपयोग नाही, तिथे पशुवैद्यकच हवा. स्वच्छ शेडमध्ये, चांगल्या पिल्लांत त्याचा फायदा कधी इतका थोडा असतो की वजनकाट्यावर दिसतही नाही. शिवाय जास्त घातलं म्हणजे जास्त गुण, असंही नाही. सोयापेंडीत रॅफिनोज, स्टॅकिओज या न पचणाऱ्या शर्करा आधीच असतात. त्यात आणखी भर पडली तर विष्ठा पातळ होते, तूस ओलं होतं, अमोनिया वाढतो आणि पक्ष्यांच्या तळव्यांना जखमा होतात.

करार पद्धतीत खाद्य कंपनीकडून येतं, म्हणून काही शेतकरी अशी भुकटी पाण्यातून देतात. यीस्टची पेशीभित्ती नीट विरघळत नाही, निपल तुंबतात. विरघळणाऱ्या शर्करेने पाइपात जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. द्यायचंच तर खाद्यातून. पेलेट बनवतानाची उष्णता प्रीबायोटिकला सहसा सोसते, अनेक जिवंत जिवाणूंना सोसत नाही.

स्वतः खाद्य मिसळणाऱ्यांनी पोत्यावर घटकाचं नाव आणि प्रमाण छापलेलं असेल तरच खरेदी करावी. शेडमध्ये जाळी लावून एकाच बॅचचे दोन भाग करा, एकाच भागाला द्या आणि विक्रीच्या वेळी दोन्हींचं वजन, मरतूक आणि एफसीआर (किलोभर वजनवाढीला लागलेलं खाद्य) वेगळे लिहा. फरक पोत्याच्या किमतीपेक्षा कमी भरला, तर पुढच्या बॅचला ते पोतं आणू नका.

(पुढील आठवड्यात : पिण्याच्या पाण्यातली आम्लं)