पोटाचा डायलिसिस आणि कमी पडणारे रक्त

घरात कुणाचा डायलिसिस सुरू झाला आणि चेहरा पांढुरका पडू लागला की शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. बीट द्या, डाळिंब द्या, गूळ-शेंगदाणे द्या. सांगणाऱ्याचा जीव तुटतो म्हणूनच तो सांगतो, हे आम्हाला मान्य आहे. पण मूत्रपिंड निकामी झाल्यावर होणारा रक्तक्षय केवळ ताटातून भरून निघत नाही.

मूत्रपिंडाचे काम लघवी तयार करणे एवढेच, असे आपण धरून चालतो. पण ते एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरकही तयार करते. ‘तांबड्या पेशी तयार करा’ हा निरोप हाडांच्या मगजाला याच संप्रेरकाकडून मिळतो. मूत्रपिंड थकले की निरोपही थकतो. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, या रुग्णांत ती त्याआधीच मरते. आवक कमी आणि जावक जास्त, मग हिमोग्लोबिन घसरणारच. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, थंडी वाजते, दिवसभर अंथरुणातून उठवत नाही. घरातले त्याला आळस म्हणतात. इकडे हृदय मात्र पातळ रक्तावर भागवण्यासाठी जास्त जोराने धावत असते.

पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटात बसवलेल्या नळीतून औषधी पाणी आत सोडतात आणि काही तासांनी काढतात. हाताने करणाऱ्यांना हे बहुधा दिवसातून तीन-चार वेळा, दर खेपेला सुमारे २ लिटर पाणी घेऊन करावे लागते. मशीनवरच्या डायलिसिसमध्ये दर वेळी थोडे रक्त नळ्यांत राहून वाया जाते, इथे ते वाया जात नाही. त्यामुळे या रुग्णांना रक्तवाढीचे इंजेक्शन बहुधा कमी लागते. पण कमी लागणे म्हणजे न लागणे नव्हे, आणि नेमका इथेच घोटाळा होतो. मशीनवरचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा नर्सच्या समोर असतो. पोटाचा डायलिसिसवाला घरीच असतो, महिना-महिना कुणी विचारत नाही.

हे इंजेक्शन म्हणजे बाहेरून दिलेले तेच संप्रेरक. ते कातडीखाली टोचतात, शिकवल्यावर घरीही देता येते. गुण यायला काही आठवडे लागतात. दोन इंजेक्शनांत फरक पडला नाही म्हणून ते बंद करू नका. मात्र ते २ ते ८ अंश तापमानातच ठेवावे लागते. माठाजवळ किंवा ओल्या फडक्यात ठेवून भागत नाही, आणि बर्फाच्या कप्प्यात गोठले तर वाया जाते. घरात फ्रिज नसेल तर लाजू नका. डायलिसिस केंद्रात स्पष्ट सांगा आणि इंजेक्शन तिथेच घेण्याची सोय विचारा.

हिमोग्लोबिन १३ च्या वर नेण्याचा हट्टही नको, त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉक्टर ते साधारण १० ते ११.५ दरम्यान ठेवू पाहतात. इंजेक्शन सुरू असताना बीपी वाढू शकतो, तो मोजत राहा.

निरोप पोचला तरी लोह नसेल तर पेशी कशाच्या बनणार? म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन तपासण्या मागा. लोहाच्या गोळीने शौच काळे होते, त्याला घाबरू नका. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र ती घेऊ नका. सुनेला अंगणवाडीतून मिळालेल्या गोळ्या सासऱ्याला देणे हा उपचार नव्हे. गोळ्यांनी भागत नसेल तर लोह शिरेतून देतात, पण अंगात जंतुसंसर्ग असताना ते टाळतात. पोटातून निघणारे पाणी गढूळ दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. संसर्गात लोह शरीरात अडकून पडते आणि इंजेक्शनही नीट लागू पडत नाही.

अंडी, मासे, डाळ यांची गोष्ट वेगळी. पोटाच्या पाण्याबरोबर प्रथिने रोज वाहून जातात, म्हणून ती किती खायची ते आहारतज्ज्ञाला विचारा. शेजारच्या रुग्णाचे पथ्य उचलू नका. विदर्भातल्या घरांनी आणखी एक तपासणी विचारावी, ती सिकलसेलची. तिथे आपल्या समाजात हा आजार आढळतो आणि त्यानेही रक्त कमी होते.

‘एक बाटली रक्त चढवा’ असा आग्रह नातेवाईक धरतात. जीवावर बेतले तर ते द्यावेच लागते. पण दुसऱ्याच्या रक्ताने शरीरात अशी प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात की पुढे जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड होते. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर बाटली लावण्याआधी डॉक्टरांना तेवढे नक्की विचारा.