जागच्या जागीं धांवणारी सायकल

डिसेंबर २०२० मध्यें सायकलशर्यतीचें पहिलें आभासी जागतिक अजिंक्यपद जेसन ऑस्बॉर्न या जर्मन वल्हेकऱ्यानें जिंकलें. स्वार आपापल्या ठिकाणीं एका यंत्रावर बसलेले. कोणी तसूभरही पुढें सरकला नाहीं. अशा शर्यतींत यंत्रानें मोजलेली शक्तीच स्वाराचा वेग ठरविते. तेव्हां हें मोजमाप होतें कसें, हें पाहणें अगत्याचें आहे.

सायकलचें मागचें चाक काढून सांखळी यंत्रावरील दंतचक्रावर चढवितात. आंत एक जड धातूचें चक्र व त्याच्या कडेशीं विद्युच्चुंबक असतात. चक्र फिरूं लागलें कीं धातूंत भोंवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठतात, आणि ज्या गतीनें ते जन्मले तिलाच ते अडवूं पाहतात. १८५५ मध्यें फुको या फ्रेंच शास्त्रज्ञानें तांब्याची तबकडी चुंबकाच्या ध्रुवांमध्यें फिरविली, तेव्हां ती जड लागूं लागली आणि तापलीही. येथेंही तेंच घडतें. स्वाराचे श्रम अखेर उष्णता होऊन खोलींत पसरतात. साध्या ब्रेकचें रबर झिजतें, या ब्रेकांत झिजण्यासारखें कांहीं नाहीं. चुंबकाचा प्रवाह वाढविला कीं चढ, उतरविला कीं सपाटी! मात्र चक्र मंद फिरत असेल तर भोंवरेही दुबळे. म्हणून सावकाश गतीवर उभा चढ भासविणें या यंत्रास जड जातें.

शक्ति म्हणजे पीळ व फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. मिनिटाला ९० फेरे मारून २०० वॅट द्यावयाचे, तर पायडलच्या १७ सेंटिमीटर दांड्यावर सरासरी पावणेतेरा किलो वजनाएवढा जोर सतत पडावा लागतो. वेग मोजणें सोपें आहे. खरी परीक्षा पिळाची. उत्तम यंत्रांत पीळ सोसणाऱ्या भागावर अतिबारीक तारेची पट्टी चिकटविलेली असते. भाग किंचित् ताणला कीं तारेचा विद्युद्रोध बदलतो, व त्यावरून पीळ कळतो.

स्वस्त यंत्रें पीळ मोजीतच नाहींत. अमुक वेग व चुंबकांत अमुक प्रवाह असतां अमुक शक्ति, असें कोष्टक आधींच बसवून त्यावरून तीं अनुमान करतात. पण चक्र तापलें कीं धातूचा विद्युद्रोध वाढून भोंवरे क्षीण होतात. विरोध घटतो आणि आंकडा तसाच राहतो, स्वाराला फुकटची शाबासकी मिळते! यासाठीं जाणते स्वार प्रथम दहापंधरा मिनिटें यंत्र चालवून तापवितात, मग पाय थांबवून चक्रास आपोआप मंद होऊं देतात व त्यास लागलेल्या वेळावरून यंत्राचें माप नव्यानें जुळवून घेतात.