पाते आणि पोकळी : गोल्फच्या जुन्या लोखंडांची कुळकथा

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण गोल्फकडे वळतात ते ऑफिसमुळे. सहकारी शुक्रवारी दुपारी मैदानावर जातात, तुम्हीही चला म्हणतात, आणि मग एखाद्या शनिवारी गराज सेलमध्ये थोडक्या डॉलरांत जुन्या क्लबांची अख्खी पिशवी घरी येते. पुढे मुलगी शाळेच्या संघात जायचे म्हणते, तेव्हा तीच पिशवी तिच्या खांद्यावर चढते. महिन्याभरात हात झिणझिणतात, चेंडू गवतातून सरपटतो, आणि घरात निकाल लागतो : "हा खेळ काही आपला नव्हे." हा निकाल देण्याआधी त्या पिशवीत काय आहे ते बघायला हवे. दोष कदाचित खेळाडूचा नसेलच.

गोल्फमध्ये लोखंडी डोक्याच्या क्लबांना 'आयर्न' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये त्यांचा वापर बेतानेच होई. तेव्हाचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत ठासून भरलेली पिसे. लोखंडाचा एक वेडावाकडा फटका बसला की महागडा चेंडू फाटलाच. १८४८ च्या सुमारास गट्टा पर्चाचा चेंडू आला. गट्टा पर्चा हा मलायातल्या झाडांचा चीक, रबराचाच सख्खा भाऊ. दोघांच्या लांब साखळीतला घटक एकच, फक्त जोडणीचा कोन वेगळा. तेवढ्या फरकाने एक ताणला जातो आणि दुसरा कडक राहतो. हा चेंडू स्वस्त होता, लोखंडाला पुरून उरत होता. लोहारांचे दिवस पालटले.

ती आयर्न ऐरणीवर ठोकून घडवलेली, पाठीमागून सपाट आणि पातळ असत, म्हणून नाव 'ब्लेड', म्हणजे पाते. त्यांना तेव्हा नंबर नव्हते, नावे होती : क्लीक, मॅशी, निब्लिक. दांडे हिकरी लाकडाचे. प्रत्येक लाकडाचा पीळ वेगळा, त्यामुळे प्रत्येक क्लबचा स्वभावही वेगळा. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी १९२९ मध्ये पोलादी दांड्याला परवानगी दिली. आता एकासारखा एक दांडा बनू लागला, जुळलेले संच विकले जाऊ लागले, आणि नावांच्या जागी नंबर आले. त्याच काळात पात्याच्या पाठीला, खालच्या बाजूला, जाडी देण्याची पद्धत रुळली. तिला 'मसल बॅक' म्हणतात. वजन चेंडूच्या मागे आणि थोडे खाली आले, एवढाच हेतू.

या पात्यांनी काय करता येते याचा दाखला म्हणजे बेन होगन. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांच्या मोटारीला बसने धडक दिली आणि ते जेमतेम वाचले. पुढच्याच वर्षी, जून १९५० मध्ये, फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन मैदानावर यू.एस. ओपनच्या शेवटच्या होलवर त्यांनी १ नंबरच्या आयर्नने मारलेला फटका छायाचित्रामुळे अजरामर झाला. दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये ते जिंकले. तो क्लब चोरीला गेला आणि कित्येक वर्षांनी सापडला. त्याच्या तोंडावर नाण्याएवढी एकच जागा झिजलेली होती. चेंडू दर वेळी तिथेच लागत होता!

आपली अडचण नेमकी इथेच आहे. क्रिकेट खेळलेल्यांना हे सांगायला नको. चेंडू बॅटच्या मध्यावर बसला तर हाताला काही जाणवतही नाही. कडेला लागला की बॅट मुठीत फिरते आणि थंडीत बोटे झणझणतात. ब्लेडमध्ये बहुतेक वजन एका लहानशा डोक्याच्या मध्याभोवती असते, आणि लांब मानेमुळे बरेचसे टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, राहते. चेंडू थोडा पुढच्या टोकाला लागला तरी डोके वळते, अंतर घटते, दिशा चुकते.

यावर उपाय शोधणारा माणूस आपल्याला ओळखीचा वाटेल. कार्स्टन सोल्हाइम १९११ मध्ये नॉर्वेत जन्मले आणि लहानपणीच अमेरिकेत आले. वडील चर्मकाम करणारे. मंदीच्या काळात इंजिनिअरिंगचे शिक्षण अर्धवट सुटले. पुढे ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर झाले. सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर वयाच्या बेचाळिशीत पहिल्यांदा गोल्फ खेळले. पटिंग जमेना, तेव्हा त्यांनी १९५९ मध्ये घरच्या गराजमध्ये स्वतःचा पटर बनवला. फटका मारला की तो 'पिंग' वाजे, म्हणून नाव पिंग.

त्यांची युक्ती डोंबाऱ्याची आहे. दोरीवरून चालताना डोंबारी लांब काठी आडवी धरतो, कारण वजन दोन्ही टोकांना पसरले की चटकन गिरकी बसत नाही. सोल्हाइमनी आयर्नची पाठ मधून पोकळ केली आणि ते वजन कडेकडेने फिरवले. चेंडू मध्य सोडून लागला तरी डोके कमी वळते. हीच 'कॅव्हिटी बॅक'. १९६९ च्या के-वन संचापासून ही डोकी साच्यात ओतली जाऊ लागली. आधी मेणाची प्रतिकृती, तिच्यावर आवरण, मग मेण वितळवून त्या जागी धातू. चोळांच्या काळातला नटराजही याच रीतीने घडला. १९८२ च्या 'आय-टू'ने तर बाजार पालटून टाकला. स्त्रियांच्या आंतरखंडीय स्पर्धेला १९९० पासून याच गृहस्थांचे नाव आहे : सोल्हाइम कप.

मग ब्लेड टाकाऊ का? मुळीच नाही. नेमका बसलेला फटका मनाप्रमाणे डावीउजवीकडे वळवणे, खालून किंवा उंचावरून नेणे, हे कसलेल्या हाताला पात्याने सोपे जाते. टायगर वुड्स यांनी मोठमोठी विजेतेपदे ब्लेडनेच मिळवली. "ठोकीव लोखंड मऊ लागते" या म्हणण्याबाबत मात्र एक रसायनशास्त्री म्हणून थोडे सांगतो. चेंडू आणि क्लब यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. हाताला कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. मऊपणा म्हणून जे जाणवते, त्यात नंतरच्या कंपनांचा आणि आवाजाचा वाटा मोठा असतो.

आता कामाच्या चार गोष्टी.

एक : नंबरांवर जाऊ नका. १९६०-७० च्या दशकांतल्या ७ नंबरच्या तोंडाचा कल साधारण ३८-३९ अंश असे. आजच्या कित्येक संचांत तो ३० अंशांच्या आसपास असतो. शेजाऱ्याचा ७ नंबर लांब जातो म्हणून खट्टू होऊ नका. तो जुन्या हिशेबाने ५ नंबरच आहे.

दोन : मुलांसाठी मोठ्यांचा क्लब कापून देऊ नका. दांडा आखूड झाला की ताठ होतो, आणि डोक्याचे वजन तेवढेच राहते. मुलांचे वापरलेले संचही स्वस्तात मिळतात.

तीन : डोके तांबूस दिसले तर ते बेरिलियम-तांब्याचे असू शकते. 'आय-टू' त्या धातूतही निघत असे. खेळायला त्रास नाही, पण कानस किंवा सँडपेपर अजिबात लावू नका. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना फार घातक असते. साबणाचे पाणी आणि जुना टूथब्रश पुरे.

चार : कडक झालेली रबरी ग्रिप बदला. जुन्या संचावर करायचा पहिला खर्च हाच.

नवशिक्याने सुरुवात पोकळीवाल्या क्लबने करावी हे बरे. फटका थोडा चुकला तरी चेंडू हवेत जातो, उत्साह टिकतो आणि माणूस पुन्हा मैदानावर येतो. मात्र जुने पाते विकू नका. वर्षभराने रोज दहा चेंडू त्याने मारून पाहा; कुठे चुकते ते इतके स्पष्ट सांगणारा दुसरा गुरू नाही. उन्हाळ्याच्या सहलीला मी दोन्ही प्रकारचे ७ नंबर आणणार आहे. लहानथोर सर्वांनी एकेक फटका मारून पाहावा, आणि मगच ठरवावे की हा खेळ आपला की नव्हे.