लाल तेलाचा माग

उमरगा तालुक्यातलं मुरूम सोलापूर-हैदराबाद महामार्गापासून थोडं आत, कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. क्लच नसलेल्या गाड्या आता अशा गावांतही येऊ लागल्या आहेत. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलायचा म्हटलं, की मोठं शहर गाठावं लागतं आणि खर्च ऐकूनच घाम फुटतो. म्हणून गाडीखाली तेल दिसलं, तर ते कशाचं आणि कुठून आलं, एवढं तरी गावातच ठरवता यायला हवं. त्याला पुठ्ठा, फडकं आणि बॅटरी पुरते.

आधी गाडी कुठल्या जातीची ते बघावं. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि बिनक्लचची गाडी बेताच्या पैशात मिळू लागली. पण ती एएमटी. आत गिअर साधेच, क्लचप्लेटही नेहमीचीच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. तिच्यात साधं गिअरऑइल असतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत मात्र तेलच इंजिनाची ताकद पुढे नेतं, तेलाच्याच दाबाने आतल्या प्लेटा आवळल्या जातात आणि उष्णताही तेच वाहून नेतं. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक गिअरबॉक्स दिला, तेव्हापासून तेलावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची विद्या रुळली. या गिअरबॉक्सच्या तेलात एके काळी स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. अमेरिकेत धोक्यातल्या प्राण्यांच्या रक्षणाच्या १९७३ च्या कायद्यानंतर त्याला पर्याय शोधावा लागला. तेल बहुधा लाल रंगवतात, ते इंजिनऑइलपासून चटकन वेगळं ओळखू यावं म्हणून.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: हे तेल इंजिनऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी उतरली म्हणजे ते कुठून तरी गळतंय.

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवावा. सकाळी नुसतं पाणी दिसलं तर ते एसीचं, काळपट तेल इंजिनाचं. लाल किंवा तपकिरी असेल तर संशय गिअरबॉक्सवर. पण थांबा, जुन्या धाटणीच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही बऱ्याचदा हेच लाल तेल असतं. तेव्हा आधी त्याची बाटली बघावी.

खरी फसगत होते ती पुढे. थेंब पडतो तिथेच गळती आहे असं समजून लोक गिअरबॉक्सखालच्या पॅनचं पॅकिंग बदलतात. पण तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे फेकलं जातं, त्यामुळे तळ सगळाच ओला दिसतो. गाडीचा तळ स्वच्छ धुवावा, वाळवावा, गाडी थोडी फिरवून आणावी आणि मग बॅटरी मारून सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधावा. उगम तोच. तो तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळीच्या जोडावर असेल तर काम स्वस्तात भागतं. अॅक्सलच्या सीलवर असेल तरी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकत असेल, तर बोटावर घेऊन रंग बघावा. लाल असेल तर पंपाचं सील, काळं असेल तर इंजिनाचं मागचं सील. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून निदानाची घाई करू नये. पॅनचे बोल्ट जोर लावून आवळणं तर टाळाच, त्याने पत्रा वाकतो आणि गळती वाढते.

तेल कमी पडलं की गिअर टाकल्यावर गाडी उशिरा उचलते, चढावर इंजिन नुसतं ओरडतं. अशा वेळी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत न्यायचा मोह होतो. गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली, तर आतले भाग तेलाविना घासतात आणि एका छोट्या सीलपायी अख्खा गिअरबॉक्स जातो. गाडी न्यायची तर चारही चाकं उचलून, सपाट गाडीवर चढवूनच न्यावी.